बिघाड, कारण, उपाय

मिस्त्रीचा डावा हात कायम कोटाच्या खिशात असायचा. हिंगणघाटचा उन्हाळा काय चीज आहे ते ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक, आणि त्या उन्हाळ्यातही हा बाबा खाकी कोट अंगावर चढवून, डावा हात खिशात कोंबून, उजव्या हातानं सगळी दुनिया चालवायचा. सायकल उजव्या हातानं हाकायचा. काडीपेटी दातात धरून बिडी उजव्या हातानं पेटवायचा. कोणी रामराम घातला तर उजवा हात कपाळाला लावून पुढं जायचा, आणि समोरचा माणूस जोडलेले हात तसेच घेऊन उभा राहायचा.

मी एकदा विचारलंच. दुपारची वेळ होती, आम्ही आमच्या शेठजींच्या कापसाच्या जिनातल्या कडुनिंबाखाली भाकरी खात होतो आणि तो एका हातानं भाकर मोडायची कसरत करत होता.

"चालू लाईनीत दोन्ही हात घातले, का करंट एकातून शिरते अन् दुसऱ्यातून निघते," तो म्हणाला. "मधात छाती येते. एक हात खिशात असला, का त्याले जायले रस्ताच नाई."

मी म्हटलं, दादा, पण आता कुठं लाईन आहे? आता तर भाकर आहे.

"हाताले का मालूम, लाईन हाय का भाकर हाय?"

मी आपली भाकर मोडली, दोन्ही हातांनी.

लढाईच्या काळात तो मिलिटरीच्या गाड्यांच्या वर्कशॉपात होता. तिथंच विजेचं काम शिकला. परत आल्यावर आमच्या शेठजींच्या जिनिंगमधल्या मोटारी, स्टार्टर, दिवे सगळं त्याच्याकडं आलं. शिवाय गावातली लग्नं, त्यातले कर्णे, रेडिओ, तंबूतल्या सिनेमाचं जनरेटर, जे म्हणाल ते. मी त्या वेळी शेठजींचा ड्रायव्हर होतो. पंचविशीतला, नवं लग्न झालेला, आणि स्वतःला फार हुशार समजणारा. ती हुशारी किती होती ते पुढं येईलच.

मिस्त्रीची दुसरी तऱ्हा म्हणजे कागद. काम झालं की तो शाळेच्या वहीचं पान टरकावायचा, पेन्सिलीनं तीन रकाने आखायचा, वर लिहायचा बिघाड, कारण, उपाय, आणि रकाने भरून खाली सही करून मालकाच्या हातात द्यायचा. कोणी मागो न मागो. बहुतेक मालक त्या कागदात तंबाखू बांधायचे. पण कारणाच्या रकान्यात तो जे खरं असेल तेच लिहायचा आणि त्यावरून भांडणं व्हायची. एका वकिलाचा रेडिओ बंद पडला होता. हे महाशय दुरुस्त करून कागद देऊन आले. कारण काय लिहिलं? 'वकीलीणबाई रेडिओवर दही विरजते.' आणि ते खरंच होतं. रेडिओचं डोकं रोज गरम व्हायचं, बाईंनी त्यावर विरजणाचं गंज, म्हणजे पातेलं, ठेवायची सोय करून घेतली होती, आणि एक दिवस ते गंज कलंडलं. वकीलसाहेबांनी पुन्हा त्याला घरात बोलावलं नाही. तंबूतल्या सिनेमावाल्यांकडं तर त्यानं कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला, 'म्यानेजर'. तो मॅनेजर जनरेटरच्या वायरीवर ओलं धोतर वाळत घालायचा. ते कामही गेलं.

मी म्हणायचो, दादा, थोडं इकडंतिकडं लिहिलं तर काय बिघडतं? तो म्हणायचा, मग पुढच्यानं दुरुस्त काय करायचं? त्याचं म्हणणं असं की उपाय कोणीही करतो, कारण लिहिल्याशिवाय काम झालं असं होत नाही. मला ते सगळं खुळचटपणाचं वाटायचं.

आणि त्याचा तो कप. पांढऱ्या चिनीमातीचा नव्हे, लोखंडी, वर निळा मुलामा चढवलेला, कोटाच्या उजव्या खिशात. एकदा शेठजींच्या कामासाठी मी त्याला गाडीतून जाम गावाला नेलं होतं. चौकातल्या हॉटेलात चहा मागवला. हॉटेलवाल्यानं मला कपबशी दिली आणि त्याच्यासाठी बाहेरच्या खिळ्याला टांगलेला, कान तुटलेला कप काढायला गेला. मिस्त्रीनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. आपला कप काढून पुढं धरला आणि "ओता" म्हणाला. हॉटेलवाल्यानं ओतला. वाटेत मी विचारलं तर म्हणाला, मले दुसऱ्याच्या कपातला चहा गोड लागत नाई. मी हसलो. मला वाटलं, हीसुद्धा त्याची एक तऱ्हा. खिळ्यावरचा तो कप मी येताजाता पाहत होतो, पण तो कोणासाठी टांगलाय हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. खोटं कशाला बोलू, मी शिरू दिलं नाही.

छप्पनच्या दसऱ्याला तो बायकोपोरांना घेऊन नागपूरला गेला आणि बौद्ध होऊन आला. आला तसा दुसऱ्या दिवशी स्टार्टर उघडून बसला. त्याच्यात काही फरक पडला नव्हता, फरक पडला तो बघणाऱ्यांत. ज्या हाताला आधी सगळे 'येडपट' म्हणायचे त्याच हाताला आता 'माज' म्हणायला लागले. आमचे मुनीमजी तर रोज एकदा तरी म्हणायचे की बघा, आता हात जोडायचीही लाज वाटते याला. अहो, तो कधीच जोडत नव्हता. पण हे मुनीमजींना सांगणार कोण? मी तर नाही सांगितलं.

आता गाडीचं सांगतो, कारण सगळं रामायण त्या गाडीनं केलं.

शेठजींनी मुंबईच्या एका पारशाकडून जुनी अमेरिकन गाडी घेतली होती. रंग बाटलीसारखा हिरवा, आणि लांबी एवढी की जिनाच्या फाटकातून वळवताना मला तीनदा मागंपुढं करावं लागायचं. पण तिचं खरं कौतुक होतं ते काचांचं. काच वरखाली करायला दारात दांडा नव्हता, बटण होतं. प्रत्येक दाराच्या पोटात एक मोटर आणि वर तिचं बटण, शिवाय माझ्या दाराशी चारही काचांची बटणं. बटण दाबलं की काच गुरगुरत वर. हिंगणघाटातली माणसं नुसती काच बघायला यायची. पाहुणे आले की शेठजी ओसरीवरून हाक मारायचे, "ड्रायव्हर, काच!" आणि मी सरकशीतल्यासारखा चारही काचा वरखाली करून दाखवायचो.

शेठजींचा हुकूम एकच होता. या गाडीला खिळा लागता कामा नये. त्यांच्या आधीच्या गाडीला कोणी तरी देवाची तसबीर लावायला भोक पाडलं होतं आणि ते त्यांच्या मनात बसलं होतं.

आणि शेठजींच्या आई, माँजी, त्यांचाही हुकूम एकच. सून, म्हणजे शेठाणीबाई, गाडीत बसणार, तर खिडकीला पडदा पाहिजे. घरची रीतच होती, बायका घुंगटाशिवाय बाहेर पडत नसत, आणि एवढ्या मोठ्या काचा म्हणजे सून सगळ्या बाजाराला दाखवत न्यायची. मी म्हटलं, माँजी, शेठजी खिळा नको म्हणतात. त्या म्हणाल्या, शेठजी कोणाचा मुलगा आहे?

सांगा, मी काय करायला हवं होतं? शेठजी दोन दिवस नागपूरला गेले होते. मी लोहाराकडून हातानं फिरवायचं ड्रिल आणलं, मागच्या दोन्ही खिडक्यांना वर एक आणि खाली एक अशा पितळी दांड्या लावल्या, त्यात फुलाफुलांचे पडदे ओवले. दुकानात आखूड स्क्रू नव्हते म्हणून लांब घेतले. लांब असले तर जास्त घट्ट बसतील, हीसुद्धा माझीच अक्कल. शेठजी परत आले, पडदे बघितले, आणि त्यांनी विचारलं, भोकं पाडली का? मी ठोकून दिलं की नाही, दोरीनं बांधल्यात. खाली झालर होती, स्क्रू दिसत नव्हते. आईचं काम म्हणून त्यांनीही झालर उचलून पाहिली नाही.

दोनतीन आठवडे गेले. मागच्या डाव्या दाराची काच कुरकुर करायला लागली. खाली जायची झकास, वर यायला नखरे. कधी अर्ध्यात थांबायची, कधी दार आपटलं की यायची. मी कोणाला बोललो नाही. दार आपटत राहिलो.

मग अल्लीपूरचा दिवस उजाडला. शेठजींच्या नात्यातलं एक बारसं होतं. माँजी आणि सूनबाई मागं बसल्या. उन्हाचा चटका होता, म्हणून सूनबाईंनी वाटेत आपल्या बाजूची, नेमकी ती डावीच, काच खाली केली. गाव जवळ आलं तसं माँजी म्हणाल्या, काच वर घे. तिनं बटण दाबलं. काही नाही. मी पुढून दाबलं. काही नाही, उलट चारही काचा मेल्या. तेवढ्यात वाऱ्यानं पडदा खालच्या दांडीतून निसटला आणि बाहेर जाऊन झेंड्यासारखा फडफडायला लागला. माँजींनी पदर सांभाळत अर्धं अंग खिडकीबाहेर काढून तो पकडायचा प्रयत्न केला. त्या दिवशी अल्लीपूरचा बाजार होता. सुनेला कोणी पाहिलं की नाही मला माहीत नाही, माँजींना मात्र सगळ्या गावानं पाहिलं.

संध्याकाळी शेठजींनी मला ओसरीवर बोलावलं. मुनीमजी शेजारी बसलेले. पाचव्या दिवशी मुंबईची मंडळी शेठजींच्या मुलीला बघायला येणार होती, त्यांना वर्ध्याच्या स्टेशनावरून याच गाडीतून आणायचं होतं. शेठजींचा आवाज कधी चढत नसे, त्या दिवशीही चढला नाही. ते म्हणाले की काच त्याआधी चालली पाहिजे, आणि हे ज्याच्या हातानं झालं तो माणूस मला फाटकाच्या आत दिसायला नको. मग विचारलं, महिन्याभरात गाडीला कोणी हात लावला?

माझी बायको सातव्या महिन्यात होती. आम्ही जिनाच्या आवारातल्याच एका खोलीत राहत होतो, नोकरी गेली की खोली गेली. मला लांब स्क्रू आठवले. आणि मी म्हणालो, "मिस्त्रीनं भोंग्याचं काम केलतं."

खोटं नव्हतं ते. महिन्यापूर्वी त्यानं गाडीचा भोंगा, म्हणजे हॉर्न, नीट केला होता. मुनीमजींनी लगेच मान डोलावली, जशी काही तेच उत्तर यायची वाट बघत होते. आणि त्याचंच नाव माझ्या तोंडात एवढ्या पटकन का आलं, हे मला तेव्हाही चांगलं माहीत होतं. ते नाव सांगितलं की कोणी दुसरा प्रश्न विचारणार नाही, म्हणून. इतक्या वर्षांनी हे लिहितानाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावलं. शेठजींनी त्याला सांगितलं की काच चालू कर, आणि तुझ्याच हातचा बिघाड निघाला तर जिनाचं काम उद्यापासून वर्ध्याचा माणूस करेल. मिस्त्री म्हणाला, "पाहतो." आणि उजवा हात कपाळाला लावून गाडीकडं गेला.

पहिल्या दिवशी त्यानं नुसता नवा फ्यूज घातला आणि बटण दाबत बसला. खाली, वर, खाली, वर. सहा वेळा काच आली, सातव्या वेळी वरचं बटण दाबताच फ्यूज गेला. त्यानं वहीत लिहून घेतलं आणि घरी गेला. मुनीमजी म्हणाले, एवढंच? एवढं तर आमचा चौकीदारही करेल.

दुसऱ्या दिवशी जो प्रकार झाला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. मिस्त्रीची रीत अशी की अवघड काम आलं की तो आधी सगळी लाईन जमिनीवर खडूनं काढायचा आणि स्वतः करंट होऊन तिच्यावरून चालायचा. जिनात कापूस टाकायचा सिमेंटचा ओटा होता, हंगाम संपल्यानं रिकामा. त्यावर त्यानं खडूनं अख्खं दार रेखलं. मग मुनीमजींना म्हणाला, तुम्ही बॅटरी, इथं उभे राहा. मुनीमजी तोंडातलं पान थुंकून भांडायच्या बेतात होते, पण ओसरीवरून शेठजी बघत होते. बॅटरी होऊन उभे राहिले बिचारे, भर उन्हात, छत्री घेऊन. मला त्यानं बटण केलं. एका विटेला मोटर केलं.

"मी आता करंट आहो," तो म्हणाला, आणि मुनीमजींच्या पोटाला बोट लावून निघाला. रेषेवरून पाऊल पाऊल फ्यूजपाशी आला, तिथून माझ्यापाशी आला, म्हणाला, दाब. मी हात खाली केला. तो खालच्या रेषेनं विटेपर्यंत गेला आणि परत आला. म्हणाला, या रस्त्यावर खड्डा नाई. मग वरच्या रेषेनं निघाला आणि अर्ध्यावर थांबला. पुढं जाईना. मागं बघितलं, मुनीमजींकडं नाही, माझ्याकडं.

"या वाटेनं कोन गेलतं?" त्यानं विचारलं.

मुनीमजी म्हणाले, तूच गेला होतास, भोंग्याच्या वेळी. मिस्त्री म्हणाला की भोंग्याची वायर समोर, मी दाराकडं फिरकलोच नाही. तो अजून माझ्याकडंच बघत होता. मी खडूची रेघ बघत होतो. शेवटी तो म्हणाला, उद्या पाहू, आणि मुनीमजींना बॅटरीतून मोकळं केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच होतो. मुनीमजींना आदल्या दिवशीचं ऊन लागलं होतं. मिस्त्रीनं फ्यूजच्या जागी गाडीच्या पुढच्या दिव्याचा बल्ब लावला. म्हणाला की लाईन कुठं बॉडीला लागत असली तर फ्यूज मरून जातो, सांगायला उरत नाही, बल्ब मात्र जळत राहून सांगतो. मग दाराचं अस्तर थोडं उचकटून आत हात घातला आणि मोटरच्या वायरी सोडल्या. आता वर जायचं बटण दाबलं तरी बल्ब लागायला नको, कारण पुढं काहीच जोडलेलं नाही. दाबलं. बल्ब भक्कन लागला.

मला त्यानं बटण दाबून धरायला सांगितलं. स्वतः दाराच्या बिजागरीपाशी वायर हलवून पाहिली. बल्ब तसाच. दार उघडलं, मिटलं. बल्ब तसाच. मग त्यानं पडद्याची झालर वर केली आणि खालची पितळी दांडी बघितली. कितीतरी वेळ बघितली. एका बाजूचा स्क्रू फिरवून काढला. बल्ब तसाच. दुसऱ्या बाजूचा फिरवायला लागला. एक आटा, दोन आटे, आणि बल्ब विझला. पुन्हा आत फिरवला, लागला. बाहेर काढला, विझला.

त्यानं स्क्रू तळहातावर घेतला. टोकाला तांब्याचा लालसर चट्टा लागला होता, वायर खाऊन खाऊन. त्यानं दाराचा मूळचा एक स्क्रू काढून शेजारी ठेवला. मूळच्याला डोक्यावर फुलीसारखी खाच होती, माझ्याला एकच सरळ चीर.

"हा अमेरिकेचा नाई," तो म्हणाला. "हा बाजारातल्या लोखंडाच्या दुकानातला हाय."

मी तिथंच जमिनीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. माँजी, ड्रिल, दोरीची थाप, बायकोचे दिवस. तो ऐकत होता आणि हातानं काम करत होता. सोललेल्या वायरीला त्यानं चिकटपट्टी गुंडाळली, ती दांडीपासून दूर बांधली, मोटर जोडली, फ्यूज घातला, बटण दाबलं. काच वर गेली. खाली आली. वीसदा गेली, वीसदा आली. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी त्याच्या वहीकडं बघत होतो. त्यानं पान टरकावलं, रकाने आखले. बिघाड लिहिला. उपाय लिहिला. मधला रकाना तसाच ठेवला.

मी हात जोडले. म्हटलं, दादा, वायर जुनी होती असं लिहा. गाडीच जुनी आहे, कोणी विचारणार नाही.

"अन् मंग माहं का?" तो म्हणाला. "जुनी वायर कोनं हालवली, असं इचारतीन. भोंगा कोनं केलता?"

मी मान खाली घातली. म्हटलं, "दादा, तुमचं नाव मीच सांगतलतं."

"मालूम हाय. मुनीमजीनं पहिल्याच दिवशी सांगतलं मले."

तीन दिवस. तीन दिवस त्याला माहीत होतं, आणि तीन दिवस तो मला "डायवर, जेवला का?" विचारत होता. त्यानं मला शिवी हासडली असती तर मला सोपं गेलं असतं. त्यानं कागद माझ्यापुढं धरला, वर पेन्सिल ठेवली.

"या रकान्यात मी नाई लिहत," तो म्हणाला. "तू लिह. नाई लिहलं तर कोराच देजो."

कोरा दिला असता तर काय झालं असतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी पेन्सिल घेतली. अक्षर वाकडंतिकडं आलं. लिहिलं, 'पडद्याचा लांब स्क्रू ड्रायव्हरनं मारला. मिस्त्रीचा संबंध नाही.' आणि विचार केला तर पुन्हा बसून खोडून टाकीन या भीतीनं तडक ओसरीवर गेलो.

शेठजींनी कागद वाचला. मग एक एक शब्द तोडून विचारलं, दोरीनं बांधल्यात म्हणाला होतास ना? मी म्हटलं, खोटं बोललो. मिस्त्रीचं नाव सांगितलं तेही चुकीचं केलं. शेठजी नुसते कागदाची घडी घालत राहिले, आणि मी मनात खोलीतली भांडी मोजायला लागलो, बैलगाडी एक लागेल की दोन.

तेवढ्यात आतल्या दाराआडून माँजींचा आवाज आला. "पडदे मी लावायला लावले. फाटकाबाहेर काढायचं तर आधी मला काढ."

शेठजी आईपुढं कधी बोलत नसत. त्यांनी घडी केलेला कागद खिशात घातला. मला म्हणाले की आखूड स्क्रू आण, परवा सकाळी सातला वर्ध्याला निघायचं. पुन्हा माझ्याशी खोटं बोललास तर माँजीही वाचवणार नाहीत. मग म्हणाले, मिस्त्रीला तूच जाऊन सांग, जिनाचं काम त्याच्याकडंच राहील.

ओसरीच्या पायऱ्या मी कशा उतरलो देवाला माहीत. छातीवरून पोतं उतरावं तसं झालं होतं. वाटेत खोलीच्या दारात बायको तांदूळ निवडत बसली होती, तिला काहीच ठाऊक नव्हतं, मी उगाचच तिच्याकडं बघून हसलो. मला रडूही येत होतं. वाटलं, पळत जावं, ओरडून सांगावं की वाचलो.

मिस्त्री हत्यारं पिशवीत भरत होता. मी धापा टाकत सगळं सांगितलं. शेठजी काय म्हणाले, माँजी काय म्हणाल्या, माझी नोकरी कशी राहिली. तो पक्कड पुसत होता. मी एवढं सांगितलं तरी त्यानं एकच विचारलं.

"माहं सांगतलं का, त्या कामात मी नोतो म्हनून?"

मी म्हटलं, लिहून दिलं. आणि काम तुमच्याकडंच राहील म्हणाले शेठजी.

त्याच्या हातातली पक्कड पिशवीत पडली नाही, बाहेर पडली. ती उचलायला म्हणून तो वाकला आणि तिथंच ओट्याला टेकून बसला. कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं. पुन्हा पुसलं. म्हणाला, तीन दिवस झाले, घरी चूल पेटते पन कोनाच्या गळ्याखाली घास उतरत नाई.

या माणसानं मुनीमजींना बॅटरी करून उन्हात उभं केलं होतं, तो करंट होऊन चालला होता, आणि तीन दिवस मला जेवलास का विचारत होता. मला वाटलं होतं, या प्रकरणात ज्याचं काही जाऊ शकतं तो मी एकटा.

"दादा," मी म्हटलं, "तुम्हाले भेव वाटून राह्यलं होतं?"

त्यानं वर पाहिलं.

"काऊन नाई वाटनार?" तो म्हणाला. "मले घर नाई का?"